कोंडीची बदली

पणजीला मांडवीवर तीन पूल आहेत. तरी संध्याकाळी पलीकडे पर्वरीच्या बाजूला लाल दिव्यांची रांग लागतेच.

पुलाचं मोल गोवेकराला शिकवायला नको. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पहिला पूल नदीत कोसळला आणि राजधानी पुन्हा फेरीबोटीच्या हवाली झाली. १९९२ मध्ये नवा पूल आला, १९९८ मध्ये त्याला जोडीदार मिळाला. तोवर हिशेब सरळ होता: नदी ओलांडायची होती. तिसऱ्या पुलाला मात्र कोंडी ओलांडायला सांगितलं. २७ जानेवारी २०१९ ला पाच किलोमीटरचा, केबलांवर तोललेला अटल सेतू खुला झाला. म्हापशाकडून फोंडा-मडगावला निघालेल्यांनी पणजीला वरच्यावर टाळून जावं, ही योजना. त्यांनी टाळलंही, आणि मग ते पर्वरीत अडकले. पुढे तिथे सहापदरी उड्डाणपूल बांधायला घेतला. कोंडी गेली नाही. तिची बदली झाली, तीही घराजवळच्या ठिकाणी.



यात नवल काही नाही. गर्दीच्या वेळची वाहतूक नवा रस्ता भरून टाकते, हे अँथनी डाऊन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच लिहून ठेवलं. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर यांनी अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले: महामार्ग जितक्या टक्क्यांनी वाढले, गाड्यांचं धावणंही जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाढलं. बस धरणारा गाडी काढतो. कोंडी टाळायला पहाटे निघणारा आरामात नऊला निघतो. पलीकडे घर घ्यायला कचरणारा बुकिंग करून मोकळा होतो. बिल्डरला हे अर्थतज्ज्ञांच्याही आधी कळतं. खांब उभे राहायच्या आत त्याचे फलक उभे असतात.

मग मुंबईचा अटल सेतू मोकळा कसा? नाव तेच, लांबी जवळपास २२ किलोमीटर आणि मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये. ते मोकळेपण पुलाचं नाही, पावतीचं आहे. लंडनने हे ओळखलं. थेम्सखालचा सिल्व्हरटाउन बोगदा एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला, त्याच दिवशी शेजारच्या, १८९७ पासून फुकट असलेल्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही पैसे लावले. शिवाय नव्या बोगद्यात प्रत्येक दिशेला एक मार्गिका बस आणि अवजड वाहनांसाठी राखली.

आपण काय केलं? वाशीच्या खाडीवर तिसरा पूल बांधला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, मुंबईच्या वेशीवरचा मोटारींचा टोल माफ केला. म्हणजे जागा वाढवायची, ती फुकट वाटायची, आणि चाळीस माणसांच्या बसला एका माणसाच्या मोटारीमागे तिष्ठत ठेवायचं.

नदी ओलांडायला पूल जरूर बांधा. कोंडी फोडायला बांधत असाल, तर पुढच्या भूमिपूजनाला मंत्र्यांनी कदंबच्या सरकारी बसने यावं. उशीर झाल्यास कारण विचारलं जाणार नाही.