लेखकाला काय कळतंय!

विकिपीडियाच्या निःपक्षपातीपणाला दाद द्यावी तेवढी थोडीच. ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीची प्रेरणा समीक्षक अनातोल ब्रोयार्ड असल्याचं म्हटलं जातं, असं तिथल्या नोंदीत होतं. २०१२ साली खुद्द कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी कळवलं, की ते साफ चूक आहे. कथेचं मूळ प्रिन्स्टनचे प्राध्यापक मेल्विन ट्युमिन यांच्यावर गुदरलेल्या प्रसंगात आहे. उत्तर आलं : लेखकाचा अधिकार मान्य, पण दुय्यम स्रोत हवा.

रास्तच आहे. कादंबरी लिहिताना जातीनं हजर असलेला माणूस तटस्थ कसा असेल?

हे धोरण खरं तर दवाखान्यांतही आणायला हवं. ‘पोट दुखतंय’ हे रुग्णानं स्वतःच सांगणं म्हणजे विनासंदर्भ दावा. शेजाऱ्यानं तो कुठे छापून आणला असेल, तर कात्रण जोडावं; मग तपासू.

रॉथ यांनी तेच म्हणणं ‘द न्यूयॉर्कर’च्या संकेतस्थळावर खुल्या पत्रातून मांडलं. माणूस तोच, म्हणणं तेच. पण आता त्यावर नियतकालिकाचा शिक्का होता. नोंदीत ते रीतसर दाखल झालं.

कोआटी या दक्षिण अमेरिकी प्राण्याला मात्र एवढी यातायात पडली नाही. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्यानं गंमत म्हणून त्याच्या नोंदीत ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ हे टोपणनाव घुसडलं. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते उचललं आणि पुढे त्यांतल्याच एकाचा संदर्भ त्या नावाला जोडला गेला. दुय्यम स्रोत, अगदी नियमानुसार.

आर्डवार्क फक्त आफ्रिकेत सापडतो.