ई-2 मास्तर : स्वरूप आणि संगोपन

दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवायला येणारा परदेशी मास्तर ई-2 नावाच्या व्हिसावर येतो. हा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या पासपोर्टवर मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. सोबत पदवी लागते. ती कोणत्या विषयातली आहे याची फारशी चिकित्सा होत नाही. त्यामुळे टोरांटोत विमानात बसलेला भूगर्भशास्त्राचा पदवीधर इंचॉनला भाषातज्ज्ञ होऊन उतरतो. पुण्यात तीस वर्षे शेक्सपिअर शिकवलेल्या बाईंना ही सोय नाही. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला आणि भारतीयांसाठी एक खिडकी उघडली, पण शाळेतल्या सहायकापुरती, आणि पदवीखेरीज अध्यापनाचा परवाना असेल तरच. इंग्रजी आईकडून मिळालेले असेल तर पुरावा लागत नाही. कष्टाने मिळवलेले असेल तर लागतो.

मास्तरांच्या दोन जाती आढळतात. पहिली सरकारी शाळेतली. तिची आयात करणारी योजना 1995 पासून चालू आहे. दुसरी खासगी क्लासमधली. या क्लासला कोरियन भाषेत हागवॉन म्हणतात (मराठी वाचकाने दुसऱ्या अक्षरावर जरा लवकर पोचावे). शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कोरियन पालकांनी 2024 साली सुमारे 29 लाख कोटी वॉन खर्च केले, असे सरकारी पाहणी सांगते. सोलमध्ये हे क्लास रात्री दहाला बंद करावेच लागतात. पोरांना झोपायला मिळावे म्हणून 2009 साली घटनात्मक न्यायालयाला हा नियम उचलून धरावा लागला आणि सरकारला चोरून चालणाऱ्या क्लासची खबर देणाऱ्यांसाठी बक्षीस ठेवावे लागले.

सरकारी जातीचे वैशिष्ट्य सुट्टीत दिसते. मुले घरी, कोरियन शिक्षकही बहुतेक घरी, पण मास्तरांच्या करारात रजेचे दिवस मोजके. म्हणून रिकाम्या शाळेत ते टेबलाशी आठ तास बसून असतात. इंग्रजीत याला टेबल गरम ठेवणे म्हणतात. मराठीत खुर्ची उबवणे हा शब्दप्रयोग पूर्वीपासूनच रूढ असल्याने येथे अधिक खुलासा नको.

पगार महिन्याला 20 लाख वॉनच्या वर असतो. लक्षाधीश झाल्याचा हा आनंद पहिल्या फळवाल्यापर्यंत टिकतो. राहायला मालकाकडून 'वनरूम' मिळते, म्हणजे एकच खोली. जमिनीखालून ऊब येते, त्यामुळे हिवाळ्यात पलंगापेक्षा फरशी बरी वाटते. न्हाणीघरात आडोसा नसतो आणि अंघोळीचे पाणी सगळीकडे उडते. पाश्चात्त्य मास्तर याबद्दल घरी लांबलचक पत्रे धाडतात. कोल्हापूरच्या माणसाच्या हे लक्षातही येणार नाही.

खरी परीक्षा कचऱ्याची. 1995 पासून कोरियात कचरा टाकायचा तर ठरावीक पिशवी विकत घ्यावी लागते. ती त्या-त्या भागाच्या प्रशासनाची असते. एका भागातली पिशवी सहसा दुसऱ्या भागात चालत नाही. अन्नाचा कचरा वेगळा टाकायचा, पण अन्न म्हणजे काय, हा प्रश्न आहेच. ढोबळ कसोटी अशी की जनावर जे खाऊ शकेल ते अन्न. म्हणून कलिंगडाचे साल अन्नात मोडते; कोंबडीचे हाड, अंड्याचे टरफल, कांद्या-लसणाची साले आणि चहाची पुडी मोडत नाहीत. क्रियापदाचे तिन्ही काळ फळ्यावर बिनचूक लिहिणारा पदवीधर रात्री अकरा वाजता कोळंबीचे कवच हातात धरून दोन डब्यांच्या मध्ये उभा असतो. अखेरीस शेजारच्या आजी बाहेर येतात, कवच काढून घेतात आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलतात. ते स्तुतिपर नसते, एवढे पदवीधराला कळते.

इंग्रजी तरी आपले, या समजुतीला तडा जायला फार दिवस लागत नाहीत. कोरियात 'सर्व्हिस' म्हणजे दुकानदाराने फुकट दिलेली वस्तू, 'आयशॉपिंग' म्हणजे नुसते बघून परत येणे, आणि 'फायटिंग!' म्हणजे शुभेच्छा. त्यात कोरियन लिपीत 'फ' आणि 'झ' या इंग्रजी ध्वनींना अक्षरे नसल्याने कॉफीची खपी होते, पिझ्झाचा पिजा. वर्ष संपेपर्यंत मुले इंग्रजांसारखी बोलू लागत नाहीत. मास्तर मात्र खपी मागू लागतात.

हा सारा खटाटोप ज्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेच्या छायेत चालतो ती नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी होते. त्या दिवशी शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो. इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना सुमारे अर्धा तास देशभर विमानांची चढउतार थांबते. इंग्रजीचे प्रश्न 45. त्यांतले 17 ऐकून सोडवायचे, 28 वाचून. तोंड उघडण्यासाठी एकही नाही. सातासमुद्रापलीकडून मास्तर आणले जातात ते नेमके तोंड उघडायला शिकवण्यासाठी.

करार वर्षाचा असतो. वर्ष पुरे केल्यास कायद्याने महिन्याभराचा पगार जादा मिळतो, म्हणून काही क्लासना मास्तरांचे अवगुण नेमके अकराव्या महिन्यात दिसू लागतात. ज्यांना बारावा लाभतो ते सामान आवरतात. स्वतः घेतलेली गादी टाकायची असेल तर आधी शुल्क भरून चिकटपट्टी आणावी लागते. ती गादीवर लावून गादी खाली नेऊन ठेवली की शेजारच्या आजी बाहेर येतात आणि चिकटपट्टीवरची तारीख तपासतात.