निचराकाका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी, एक पाणीटंचाई आणि एक निचराकाका असतात. सेक्रेटरी दर निवडणुकीत बदलतात, पाणीटंचाई पावसाळ्यात जरा विश्रांती घेते. निचराकाका मात्र बाराही महिने चालू. बदलतो तो फक्त त्यांच्या पेल्यातला रंग.

आमचे निचराकाका कोथरूडचे, बँकेतून निवृत्त झालेले. ‘शरीरातील विषारी द्रव्यांचा निचरा’ हे शब्द त्यांनी कुठल्याशा बाटलीच्या लेबलवर वाचले आणि ते तोंडात बसले ते बसलेच. सकाळी बागेच्या फाटकाबाहेर रसवाल्याच्या टेबलाशी ते उभे असतात. गव्हांकुर, कोहळा, बीट, कारलं, जो वार असेल तो रस. डोळे मिटून पेला रिकामा करतात, अंगावर एक शहारा येऊ देतात आणि म्हणतात, “गेलं!” काय गेलं, हे विचारायचं नसतं.

तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं. “काका, गेलं म्हणजे नक्की कोणतं विष?”

“सगळंच.”

“एखाद्याचं नाव तरी?”

“नाव सांगून शिरायला ती काय पाहुणे मंडळी आहेत?”

यात काकांना हसण्यासारखं फारसं नाही. 2009 साली ब्रिटनमध्ये ‘सेन्स अबाउट सायन्स’ या संस्थेतल्या तरुण शास्त्रज्ञांनी डिटॉक्सच्या नावावर विकल्या जाणाऱ्या पंधरा वस्तूंच्या कंपन्यांकडे हीच चौकशी केली होती. त्यात बाटलीबंद पाण्यापासून चेहऱ्याच्या स्क्रबपर्यंत सगळं होतं. डिटॉक्स म्हणजे काय, याचं उत्तर दोन कंपन्यांचं एकसारखं आलं नाही. काकांचं उत्तर निदान रोज तेच असतं.

डॉक्टरीणबाईंनी मग यकृत आणि मूत्रपिंडांची बाजू मांडली. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत रक्तात पाठवतात, रजा न घेता, हे त्यांनी सांगितलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “अहो, पण चहाची गाळणीसुद्धा आपण रोज धुतो की नाही?” डॉक्टरीणबाई वर आकाशाकडे बघत राहिल्या.

काकांची खरी अडचण मला वेगळीच वाटते. यकृत काम करतं, पण काही दाखवत नाही. ना फेस, ना रंग, ना पावती. आणि बँकेत हयात घालवलेल्या माणसाला व्हाउचर लागतं. म्हणून एका प्रदर्शनातून ते पायांतून विष ओढणारं यंत्र घेऊन आले. टबात कोमट पाणी, चिमूटभर मीठ, त्यात पाय आणि वीज. अर्ध्या तासात पाण्याला विटकरी रंग आला. काकांनी अख्ख्या मजल्याला बोलावून तो दाखवला. “साठ वर्षांचा मळ आहे!” दुसऱ्या दिवशी काका बाहेर गेलेले असताना काकूंनी तेच यंत्र नुसत्याच मिठाच्या पाण्यात, पाय न बुडवता चालवलं. रंग तस्साच. लोखंडी पट्ट्या, मीठ आणि वीज एकत्र आली की गंज सुटतो, त्याला पायांची गरज नसते. काकांनी परत येऊन टबाकडे बघितलं, गंभीर झाले आणि म्हणाले, “म्हणजे पाण्यातसुद्धा विष आहे!” त्याच आठवड्यात घरात नवा फिल्टर आला.

त्यानंतरचा प्रयोग पित्ताशयाचा. दिवसभर उपास, रात्री वाटीभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस. सकाळी हिरवे मऊ खडे बाहेर पडले. काकांनी ते धुऊन श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि टीपॉयवर ठेवले. (त्या घरात श्रीखंड घेऊन गेलेल्या पाहुण्यांचे हाल मी सांगत नाही.) 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशाच एका बाईच्या खड्यांची तपासणी छापून आली आहे. त्यात पित्तखड्यात सापडावं ते कोलेस्टेरॉल नव्हतंच. प्यालेल्या तेलाचा आणि लिंबाच्या रसाचा पोटात तयार झालेला साबण होता तो, आणि 40 अंशांना वितळणारा. हे काकांना कोणी सांगावं लागलं नाही. मे महिन्यात डबा चुकून गॅलरीत राहिला, आणि संध्याकाळी त्यात नुसतं हिरवट तेल होतं. “विष विरघळलं,” काका म्हणाले.

चेष्टा थांबते ती दुधीच्या रसापाशी. कडू लागणाऱ्या दुधीत कुकुरबिटॅसिन नावाची द्रव्यं असतात. त्यांनी उलट्या होतात, रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो. 2010 साली दिल्लीत असा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. नंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, की रस काढण्याआधी फोड चाखून बघा, कडू असेल तर टाकून द्या. काकांचं मत नेमकं उलटं, जितकं कडू तितकं गुणकारी. ते आजवर धडधाकट आहेत, कारण फोड काकू चाखतात आणि कडू निघाली तर गुपचूप दुसरी चिरतात.

बरं, काकांना बरं वाटतं हे खोटं नाही. निचऱ्याच्या तीन दिवसांत ते वडापाव खात नाहीत, मित्रांच्या ‘बैठकी’ला जात नाहीत, साडेनऊला झोपतात. कोणालाही बरं वाटेल. श्रेय मात्र बीट घेऊन जातं. वजनही दोन किलो उतरतं. उपाशी शरीर साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं आणि त्याला धरून असलेलं पाणी निघून जातं. ते रविवारच्या मिसळीबरोबर, जादा पावासकट, घरी परततं.

पण हिशेबाला काका पक्के. परवा एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसले होते. जिलबीचा वाढपी तिसऱ्यांदा आला. मी पानावर हात आडवा धरला, काकांनी पान पुढे सरकवलं. माझी नजर त्यांच्या लक्षात आली.

“मंगळवार-बुधवारचा निचरा शिल्लक आहे,” मठ्ठ्याचा घोट घेत ते म्हणाले. “वापरला नाही तर लॅप्स होतो.”