पोटाची हेक्टरी मर्यादा

निती आयोगाने 2018 साली वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले आणि आमची प्रगती मोजायला 49 निर्देशक लावले. त्यात लसीकरण आहे, मुलींच्या शाळेतले स्वच्छतागृह आहे, मृदा आरोग्य पत्रिका आहे. सुशी नाही. आकांक्षा ठरवताना आम्हाला कोणी विचारले नव्हते, ते यावरून दिसतेच. हिंजवडीला नोकरी करणारी आमच्याकडची पोरे दिवाळीला गावी आली की पहिली कुरकुर हीच असते : वाशिमच्या पाटणी चौकात अजून 'अनलिमिटेड सुशी'ची एकही पाटी कशी नाही?

अशाच एका पोराने, म्हणजे आमच्या मामेभावाने, मामांना पुण्यात सुशी खायला नेले. सोबत मी होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : व्हिनेगर कालवलेल्या भाताचा मुटका, त्यावर कच्च्या माशाची चकती, किंवा मधे काकडी घालून समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदात केलेली गुंडाळी. माणशी एक ठरलेली रक्कम मोजा आणि हवे तितके खा. वसाबीला चटणी समजून खाल्ल्याचा विनोद आजवर सगळ्यांनी करून झालेला आहे, म्हणून तो इथे सोडतो.

टेबलावर नियमांचे कार्ड होते. वेळ दीड तास. एका वेळी चारच प्लेटी. त्या संपल्याशिवाय पुढच्या नाहीत. पानात टाकल्यास दंड. घरी नेण्यास मनाई. मामांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाले, "हे तं आपलं सोयाबीन खरेदी केंद्रच दिसून राह्यलं बापा."

"बाबा, हळू बोला," मामेभाऊ म्हणाला.

पोटभर वाढणे आणि सुशी फिरवणे ही दोन्ही खुळे जपानात एकाच वर्षी निघाली. 1958 साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलाने युरोपातले पाहून बुफे मांडला. त्याच साली ओसाकाकडे योशिआकी शिराइशी नावाच्या सुशीवाल्याने फिरत्या पट्ट्याचे दुकान काढले. गिऱ्हाईक फार, वाढपी कमी, ही त्याची अडचण. बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून सरकताना त्याने पाहिल्या आणि बाटलीच्या जागी मासा बसवला. पट्टा किती वेगाने फिरवायचा यावर त्याने बराच खल केला म्हणतात. शेवटी सेकंदाला आठ सेंटीमीटरवर गाडी थांबली. फार जोरात फिरवला तर मासा वाळतो, फार हळू फिरवला तर गिऱ्हाईक तापते.

वाढपी कमी पडले म्हणून पट्टा? शिराइशीबुवांनी एकदा वाशिमहून मेहकरच्या रस्त्याला लागून हिवरा आश्रमाला यायला हवे होते. विवेकानंद जयंतीला तिथे लाखाची पंगत बसते, आणि पुऱ्या नि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून ओळींमधून फिरते. माणूस जागचा हलत नाही, अन्नच चालत येते. तत्त्व तेच, फक्त अश्वशक्ती जास्त. दीड तासाचे कार्डही कोणी हातात ठेवत नाही. आमच्या पंगतीचा कायदाच उलटा. नको म्हणून पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरा, वाढपी बोटांच्या फटीतून वरण सोडतो. वर विचारतो, "भाऊ, लाजून राह्यले का?" तिथे पानात टाकणाऱ्याला दंड नसतो, न खाणाऱ्याला मात्र पुढची दहा वर्षे लग्नालग्नांतून टोमणे असतात.

पुण्यात मात्र टाकण्याचे शास्त्र पाहायला मिळाले. अनलिमिटेडवाल्याचा सगळा नफा भातात असतो, कारण पोट भाताने भरते आणि मासा महाग. हे मामेभावाला पाठ होते. त्याने चॉपस्टिकने मुटक्यावरचा मासा अलगद उचलला, तोंडात टाकला, उरलेला भात गुलाबी आल्याच्या ढिगाखाली सरकवला आणि वरून शेवाळाचा तुकडा पांघरला. दुसरा मुटका कागदी रुमालात. तिसरा सोया सॉसच्या वाटीत बुडवून विरघळवला. वेटर जवळून गेला की तिघेही एकदम गप्प. कंपनीत हाच पोरगा डेटा सुरक्षा सांभाळतो.

"भात फेकून देतं का रे?" मामा म्हणाले. आवाजात खरा धक्का होता.

पोराची बाजू घ्यायची तर इतिहास त्याच्याकडे आहे. सुशी मुळात मासा टिकवायची खटपट होती. खारवलेला मासा शिजल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवायचा, भात आंबला की तो खरवडून टाकायचा आणि मासा तेवढा खायचा. ताज्या माशाखाली भाताचा मुटका देण्याची रीत एकोणिसाव्या शतकातल्या एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची. तेव्हा भात टाकणाऱ्याला दंड लावणारे हे हॉटेल जपानी परंपरेच्या हिशेबाने सुधारकच म्हणायचे, आणि आमचा मामेभाऊ कट्टर सनातनी.

मग शेंगा आल्या. हिरव्या, उकडलेल्या, वर जाड मीठ. मामांनी एक उचलून अंगठ्याने दाबली, दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरले.

"हे तं सोयाबीन व्हय!"

"एडामामे आहे, बाबा."

"मले नको शिकवू. तीस वर्षं पेरून राह्यलो."

खरेच सोयाबीन. भाजीच्या जातीचे, दाणा जरा थोराड. पण कूळ तेच. आमच्या शिवारात 'जेएस-335' पेरत पेरत एक पिढी म्हातारी झाली, तरी त्याची हिरवी शेंग उकडून पाहुण्यापुढे ठेवावी असे कोणाच्या मनात आले नाही. आमचे सोयाबीन तेलाच्या गिरणीत जाते आणि पेंड होऊन कोंबड्यांच्या पोटात. हुरडा ज्वारीचाच. शेंगांची ही वाटी अनलिमिटेडमध्ये धरलेली नव्हती, वेगळे साडेतीनशे पडले. हमीभाव 2025-26 च्या हंगामाला क्विंटलमागे 5,328 रुपये. मामांनी मनातल्या मनात भागाकार केला. वाटीभर शेंगांच्या पैशात साडेसहा किलो सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. शेंगा त्यांनी खाल्ल्या नाहीत. मोजल्या.

वेटर 'लास्ट ऑर्डर' म्हणून ओरडला तेव्हा मामांनी शांतपणे विचारले, "मुदतवाढ कवा?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात वाशिमच्या हॉटेलचा आराखडा घोळतो आहे. मामा म्हणतात तसे सुशीचे हॉटेल आणि सोयाबीन खरेदी केंद्र, दोन्ही धंद्यांचे नियम जवळपास जुळतातच, उगाच नवे कशाला करायचे? प्रथम ऑनलाइन नोंदणी. सोबत सातबारा, आणि भूक लागल्याची नोंद ई-पीक पाहणीत वेळेत केलेली हवी. मग मोबाईलवर संदेश येईपर्यंत घरीच थांबावे. संदेश आलेल्यांनी ट्रॅक्टरसह, क्षमस्व, कुटुंबासह रांगेत लागावे. जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेप्रमाणे प्रत्येक पोटाची हेक्टरी मर्यादा ठरेल. त्यावर एक मुटकाही मिळणार नाही, पाटीवर 'अनलिमिटेड' असले तरी.

आत घेण्याआधी गिऱ्हाइकाचा ओलावा तपासला जाईल. बारा टक्क्यांवर गेला की परत, वाळून या. तोंडाला सुटलेले पाणीही ओलाव्यातच धरण्यात येईल. फार ओरड झाली तर पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर ती दिलीच होती, तेव्हा हॉटेलचे उद्घाटन निवडणुकीच्या महिन्यात ठेवणे गिऱ्हाइकाच्या हिताचे. एवढे करून माणूस टेबलापर्यंत पोचला की कळेल, बारदाना संपला. म्हणजे शेवाळाचा कागद. भात आहे, मासा आहे, गुंडाळायला काही नाही. कोलकात्याहून येतो आहे.

मुदत संपल्यावर मुदतवाढ मिळेल. 2025 मध्ये सोयाबीन खरेदीची 31 जानेवारीची 6 फेब्रुवारी झाली होती, तशीच. तोवर अर्धे लोक घरी गेलेले असतील, आणि उरलेले समोरच्या कचोरीच्या गाड्यावर. गाडेवाला ना सातबारा मागतो, ना ओलावा बघतो, ना मुटके मोजतो. उभ्या उभ्या देतो, रोख घेतो. भाव मात्र तोच ठरवतो, आणि रांग मोडली हे पाहून आज त्याने प्लेटमागे पाच रुपये वाढवले आहेत.