पद्मिनीचा मानपान

पन्नाशी उलटलेल्या फियाट पद्मिनीची बॅटरी बदलायची म्हणजे स्थळ बघण्यातला प्रकार. क्रोमच्या बंपरवर हजारो रुपये उधळणारे मालक बॅटरीच्या दुकानात मात्र जुन्या बॅटरीचे दोनशे रुपये जास्त मिळावेत म्हणून तासभर घासाघीस करतात. दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, जास्त अँपिअरची घ्या, पॉवर वाढेल.’’ पॉवर कुठली वाढायला? स्टार्टर हवा तेवढाच करंट ओढतो. वाढते ती बॅटरीची लांबी, मग ती ट्रेमध्ये मावत नाही. मावलीच, तर प्लस-मायनस उलट्या बाजूला असतात आणि गाडी बनली त्या कुर्ल्याच्या कारखान्यात मोजून कापलेली वायर टर्मिनलपासून बोटभर अलीकडे थांबते. शेजारच्या मॉरिस मायनरवाल्याचं दुखणं निराळं. तिथे प्लसच बॉडीला जोडलेला, त्यामुळे हल्लीच्या मेकॅनिकच्या हाती गाडी देताना पोटात गोळा येतो.

जुन्या गाडीत अल्टरनेटर नाही, डायनॅमो. सिग्नलला उभी असताना तो जवळपास काहीच चार्ज करत नाही. शिवाय २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही, रॅली, प्रदर्शन अशा मोजक्या कामांपुरतीच. उभ्याउभ्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचतं. म्हणजे गाडी चालवली तर कायदा आडवा, नाही चालवली तर रसायनशास्त्र!

यावर मालकांनी तोडगा काढलाय: वीस हजार नोंदणीला, चार-पाच हजार बॅटरीला आणि रॅलीच्या दिवशी धक्का मारायला सोसायटीतली पोरं, फुकट.