रिकामा डबा

गुरुवार म्हणजे आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांचा सुट्टीचा वार. रविवारी सगळं जग लोळत असतं तेव्हा आम्ही कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतो, आणि गुरुवारी आम्ही घरी असतो तेव्हा घरात दुसरं कोणी नसतं. बायको शाळेत शिकवायला, मुलगा होस्टेलला. अशाच एका गुरुवारी भांड्यांचा साबण संपला म्हणून मी स्टुलावर चढून माळ्यात डोकं घातलं. खाली उतरलो तो तीन तासांनी.

मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. बावीस वर्षं झाली. दुसऱ्या कुणी माळ्यातला साबण घेतला असता आणि विषय संपवला असता. मी वही घेतली आणि मोजायला बसलो. भांड्यांचा साबण, अकरा वड्या. टूथपेस्ट सात, त्यातल्या चार चिकटपट्टीने जोडीजोडीने बांधलेल्या. टोमॅटो सॉस, तीन बाटल्या. सॉस खाणारं माणूस एकच, तेही होस्टेलला. पास्त्याची दोन पाकिटं, मुदत गेल्या दिवाळीला संपलेली. पोहे साडेचार किलो, पैकी दीड किलो पोरकिड्यांच्या ताब्यात. आणि ओट्स. ते कुणी, कधी आणि कुठल्या संकल्पाच्या भरात आणले, याची नोंद कुठेच नव्हती.

संध्याकाळी बायको आली तेव्हा मी वही पुढे केली. ‘डेड स्टॉक’ अशा मथळ्याखाली दोन पानं भरली होती. तिने ती वाचली आणि म्हणाली, "अहो, ट्रॉली कोण ढकलत होतं?"

ट्रॉली मीच ढकलतो. महिन्यातून एकदा मोठ्या दुकानात जायचं आणि वातानुकूलित हवेत दोन तास फिरायचं, हा आमचा कार्यक्रम होता. यादी तेरा वस्तूंची असायची आणि बिल हातभर. दोनावर एक फुकट अशी पाटी दिसली की माझ्यातला स्टोअर्सवाला झोपी जायचा. या ट्रॉलीचीही एक गंमत आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती आणली, तेव्हा गिऱ्हाइकं तिला हात लावेनात. शेवटी त्याने पगारी माणसं ठेवली, गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून दुकानात ट्रॉली ढकलत हिंडायला. लोकांच्या हातातली टोपली जड झाली की ते खरेदी थांबवतात, हे त्याने बरोबर हेरलं होतं. माझ्या आईची तर पिशवीच ठरलेली होती. ती भरली की बाजार संपला.

खरी टोचणी वेगळीच होती. आमच्या शॉपफ्लोअरवर असेंब्ली लाइनला लागून काही रॅक आहेत आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, ‘सुपरमार्केट’. नवीन पोरं हसतात. मग मीच त्यांना ट्रेनिंगमध्ये त्या नावाची गोष्ट सांगतो. टोयोटाचे ताइइची ओनो १९५६ साली अमेरिकेत गेले. तिथे फोर्ड आणि जनरल मोटर्सचे कारखाने पाहिले, पण मनात भरलं ते सुपरमार्केट. गिऱ्हाईक येतं, हवं तेव्हा, हवं तेवढंच उचलतं. जेवढी फळी रिकामी होते तेवढीच मागून भरली जाते. कारखान्यानेही असंच चालावं. पुढच्या माणसाने उचललं तरच मागच्याने बनवावं, उगाच ढीग लावू नये. त्यासाठी ते कानबान वापरत, माल संपला की मागे जाऊन ‘आता भरा’ सांगणारं कार्ड. कानबान म्हणजे साध्या जपानीत पाटी. पुण्याच्या इतक्या जवळ राहून पाटीची ताकद आम्हाला जपानकडून शिकावी लागली, हे काही भूषणावह नाही.

म्हणजे बघा, एक जपानी माणूस सुपरमार्केट बघून साठा कमी करायला शिकला. त्याचं शिकून मी कंपनीत साठा कमी केला. आणि त्याच सुपरमार्केटात जाऊन घराचं गोडाऊन केलं. ओनोंना दिसलेलं ‘हवं तेवढंच’ उचलणारं ते गिऱ्हाईक कोण होतं कोण जाणे. ते आमच्यातलं नक्कीच नव्हतं.

मग ठरवलं, तीन महिने मोठ्या दुकानाची पायरी चढायची नाही. लागेल ते कोपऱ्यावरच्या शेठकडून, भाजी मावशींकडून, पीठ गिरणीतून. बायको म्हणाली, "तुम्हीच जा मग." तिला वाटलं होतं, आठवड्यात थंड होईन.

इंद्रायणीनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेठचं दुकान आहे. रुंदी दोन मोटारसायकली आडव्या लावल्या तर भरेल एवढी. शेठ मूळचा राजस्थानचा, मराठी माझ्यापेक्षा चटपटीत. सकाळी फर्स्ट शिफ्टच्या बस सुटायच्या आत त्याचं शटर वर असतं, कारण बसमध्ये चढणाऱ्यांना तंबाखूपासून बिस्किटापर्यंत काहीतरी लागतंच. दुपारी एक ते चारचा पुणेरी विश्राम आमच्याकडे रुजला नाही. त्या वेळात तर सेकंड शिफ्ट निघते आणि फर्स्ट शिफ्ट परतते.

पहिल्या दिवशी मी तांदळाचा रिकामा डबा घेऊन गेलो आणि इंद्रायणी मागितला. मोठ्या दुकानात मी पाकिटावरचं चित्र बघून तांदूळ घेत असे. शेठने विचारलं, "नवा देऊ का जुना?" मी गप्प. त्याने मूठभर तांदूळ फळकुटावर पसरले, दोन दाणे बाजूला केले. "हा यंदाचा, पाणी बेताने घाला नाहीतर खिमट होईल. हा गेल्या सालचा, मोकळा होतो, पाणी जास्त पितो. पाहुणे येणारेत का घरचेच आहात?" मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला हा वाण, आमच्यापासून तासाभराच्या वाटेवरचा. इतकी वर्षं खातोय, आणि त्याला वय असतं हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. चारच दिवसांपूर्वी मी नव्या पोरांना आधी आलेला माल आधी काढायची शिस्त शिकवली होती.

तिथून परत येताना डबा खांद्यावर होता आणि डोक्यात एकदम उजेड पडला. डबा रिकामा झाला, डबा दुकानात गेला, भरून आला. हेच तर कानबान! लहानपणी तेलाची किटली दांडीला अडकवून मी वाण्याकडे जायचो तेव्हा मी टोयोटाची पद्धतच राबवत होतो, फक्त मला इन्क्रिमेंट मिळत नव्हतं. अर्धा किलो संपलं की अर्धा किलो. आपला साठा दुकानदाराच्या फळीवर, त्याच्या भाड्याच्या जागेत, त्याच्या उंदरांच्या हवाली. आणि मोठं दुकान काय करतं? त्याचं गोडाऊन आपल्या माळ्यावर हलवतं, वर आपल्याकडूनच पैसे घेतं.

हा शोध मी त्याच रात्री बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "आणि सासूबाई वर्षाचे गहू भरायच्या, ते काय होतं?"

इथे मला थांबावं लागलं. आई मार्च-एप्रिलमध्ये गहू घ्यायची, ऊन दाखवायची, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायची. तुरीच्या डाळीला एरंडेलाचं बोट लावायची. ते कुठल्या ‘हवं तेव्हा, हवं तेवढंच’मध्ये बसवणार? तेव्हा साठ्यालाही साठ्याची अक्कल लागते, एवढं कबूल केलं. आमच्या बसमध्ये चाकण गावातला एक सहकारी आहे. त्याच्या घरी कांद्याची चाळ आहे. बाहेरच्यांना चाकण मोटारींमुळे माहीत झालं. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली आला. त्याच्या कितीतरी आधीपासून चाकण ओळखलं जायचं ते कांद्या-बटाट्यासाठी, आणि शनिवारचा बाजार अजून मोठा भरतो. तो सहकारी म्हणतो, "पावसाळी कांदा भरून ठेवणारा येडा, उन्हाळी न भरणारा त्याहून येडा." उन्हाळी कांदा पातीसकट सुकवला की चार-पाच महिने सहज राहतो, पावसाळी महिनाभरात कोंब काढतो. त्याच्याकडून अर्धं पोतं आणलं. कांद्याला साठा माफ.

हिशेबाचंही सांगून टाकतो, नाहीतर मी फार सात्त्विक वाटायचो. शेठची तूरडाळ किलोमागे मोठ्या दुकानापेक्षा महाग पडते. साबणावर तो काडीचीही सूट देत नाही. पण महिनाअखेरीला एकूण खर्च उतरला, कारण शेठच्या दुकानात माझा हात पोचेल अशी वस्तूच नाही. सगळं काउंटरच्या पलीकडे. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि ओट्स मागायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. १९१६ साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स साँडर्सने पहिल्यांदा हा काउंटर काढून गिऱ्हाइकाला फळ्यांमध्ये मोकळं सोडलं. माझ्या माळ्यावरच्या सात टूथपेस्ट त्याच दिवशी निघाल्या असणार.

काउंटरचा जाच मात्र फरसाण मागितलं तेव्हा कळला. पाव किलो तिखट शेव, एवढंच म्हणालो. शेठने हात थांबवला.

"काका, काकूंनी नाही सांगितलंय."

"काय नाही सांगितलंय?"

"बीपी वाढलंय ना तुमचं. शेव द्यायची नाही, पापड विचारून द्यायचा." मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनीही माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्यातल्या एकाने लसूण सुचवला.

मोठ्या दुकानात बिल करणाऱ्या पोरीने मला कधी डोळे वर करूनही पाहिलं नव्हतं. तिथे मी पोतंभर शेव नेली असती तरी तिने विचारलं असतं ते एवढंच, "सर, कॅरीबॅग?"

गिरणीतही तेच. ज्वारीचं दळण घेऊन गेलो तर गिरणीवाला म्हणाला, "थांबा, आता गहू चालू आहे. ज्वारीवर ज्वारी घेतो, नाहीतर काकू बोलतील." पिठाचा वास काल बाजरी दळली की आज सांगतो म्हणे. भाजीवाल्या मावशी तर वजन झाल्यावर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतात आणि त्या बदल्यात घरातली सगळी बातमी काढून घेतात. मुलाला नोकरी लागेल का, याची काळजी आता आमच्या दोघांखेरीज मावशींनाही आहे.

तिसऱ्या महिन्यात लाइन थांबली. सकाळी दूध उकळलं आणि साखरेचा डबा खडखडाट. मी डबा घेऊन निघालो. शटर बंद, त्यावर खडूने लिहिलेलं, ‘घरी लग्न आहे. आठ दिवस दुकान बंद’. एकाच पुरवठादारावर विसंबू नये, हे मी स्वतः ऑडिटमध्ये किती वेळा लिहिलंय! परत आलो तर बायकोने चहा टाकलेला. साखर कुठून आली? ‘रवा’ लिहिलेल्या डब्यातून. माझ्या मोजणीत तिथे रवा होता. "सेफ्टी स्टॉक," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

ती साखर चार दिवस पुरली. पाचव्या दिवशी मी मोठ्या दुकानात गेलो. साखर, डाळ, तेल, बस्स, एवढंच. तेलासोबत एक कापडी पिशवी फुकट होती, चांगली जाड, त्यावर त्या दुकानाचं नाव हे एवढ्या अक्षरांत.

शेठ परतला त्या सकाळी मी चणाडाळ आणायला गेलो. त्याने आधी लग्नाचे पेढे हातावर ठेवले, मग विचारलं, "आठ दिवस कसं भागवलं काका?"

"होतं घरात," मी म्हणालो.

त्याने डाळ तोलली. मी पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती कुठली पिशवी आहे. शेठने नाव वाचलं. डाळ आत ओतली, वरून चिमूटभर जास्त टाकली.

"पिशवी चांगली आहे काका," तो म्हणाला. "मजबूत आहे."