नाकापेक्षा रोम जड

आमच्या ग्रुपचं नाव 'गोदाकाठ'. सभासद चार. दशक्रिया सोडली, तर गेल्या दहा वर्षांत यांपैकी कोणी गोदाकाठी फिरकल्याचं ऐकिवात नाही. जानेवारीत अण्णाने मेसेज टाकला, "पन्नाशी झाली, एखादं जुनं शहर बघून येऊ." मी लिहिलं, "सराफ बाजार?" ग्रुपवर दोन दिवस शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी रोम ठरलं. चार रात्री.

रोमच का? तर ते सात टेकड्यांवर वसलंय, असं बंड्या म्हणाला. आता आमचं नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय. 'नवशिख'वरून नाशिक, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे हिशेबाने आपण दोन टेकड्या पुढे. पण तिकीट नसलं की टेकडीचा नुसता चढ होतो. जुनी गढी त्यातलीच. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळियांनी तिथल्या मातीत खणून नाशिकचं वय थेट ताम्रपाषाणयुगापर्यंत नेऊन ठेवलं. हल्ली गढीची बातमी येते ती पावसाळ्यात: कडा ढासळतोय, घरं रिकामी करा.

रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर मात्र आम्ही कानात गाइडचं यंत्र खुपसून, धापा टाकत, वर पैसे मोजून चढलो. "इथे रोम्युलसच्या काळातल्या झोपड्या होत्या," असं म्हणत गाइडबाईंनी खडकातले खांबांचे खड्डे दाखवले. अण्णाने त्या खड्ड्यांचे चाळीस फोटो काढले. हाच अण्णा कॉलेज रोडवरच्या खड्ड्यांचे फोटो काढून पेपरला पाठवतो.

रोममध्ये रस्त्यारस्त्यावर बिडाच्या बुटक्या खांबांतून पिण्याचं पाणी अखंड वाहत असतं. 1874 पासूनची ही सोय, आणि असे नळ आज अडीच हजारांच्या घरात. तोटी बाकदार, खाली वळलेली, म्हणून लोक त्यांना म्हणतात 'नासोनी', म्हणजे मोठी नाकं. हे कळताच आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून ज्या गावाला नाव मिळालं असंही सांगतात, तिथली चार माणसं सात समुद्र ओलांडून नाकाचं पाणी पीत उभी होती. नाकाचं टोक बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. आमच्यातल्या डॉक्टरने दाबलं. ते थेट बंड्याच्या चष्म्यावर. एवढा निखळ आनंद आम्हाला कोलोसियममध्येही झाला नाही. तिथे आम्ही रांग बघितली.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. चीज आणि मिरपूड घातलेल्या शेवया. बंड्याने वेटरकडे कच्चा कांदा आणि लिंबू मागितलं. वेटरने नाक मुरडलं. मग बंड्याने त्याला लासलगावच्या बाजार समितीबद्दल हातवारे करून माहिती दिली. नाकाने कांदे सोलणं ही म्हण आमच्या जिल्ह्यासाठीच तयार झाली असावी. कांदा शेवटपर्यंत आला नाही. उरलेल्या शेवयांवर आम्ही टेबलाखालून कोंडाजीचा चिवडा भुरभुरला.

आता नाण्याचं. त्रेवी कारंज्याकडे पाठ करून, उजव्या हाताने, डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं. टाकणारा पुन्हा रोमला येतो. ही नाणी गोळा होतात आणि कारितास या संस्थेमार्फत गरिबांसाठी खर्च होतात. ऐकून डॉक्टर गहिवरला. "याला म्हणतात सिस्टीम!" आपल्याकडे गोदावरीत टाकलेलं नाणं दोरीला लोहचुंबक बांधून पोरं काढतात. तेही गरिबांपर्यंतच पोचतं, मधली संस्था तेवढी नाही. पण पोरांच्या सिस्टीमला गाइड नसल्यामुळे ती बघून कोणी गहिवरत नाही.

खरं तर नाण्यांच्या बाबतीत नाशिककराला रोमला जायची गरजच नव्हती. 1906 मध्ये जोगलटेंभीला नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. नहपानाचा हरलेला चेहरा खाली, वर सातवाहनांचा ठसा. म्हणजे इथे लक्ष्मणानंतर दुसऱ्यांदा नाक कापलं गेलं आणि या खेपेला पुरावा चांदीत आहे. हे मी कारंज्यापाशी उभा राहून रंगवून सांगत होतो. बंड्या म्हणाला, "जोगलटेंभी कुठे आलं?" मी म्हटलं, "सिन्नर तालुक्यात." तो म्हणाला, "लांब आहे रे."

मग अण्णाने कॉन्ट्रीच्या पाकिटातून दोन युरोचं नाणं काढलं, पाठ केली आणि टाकलं.

परतीच्या वाटेवर, कसारा घाटात, अण्णाने हिशेब वाचायला घेतला. कॉफी बसून प्यायल्याने महाग पडली, कारण तिथे काउंटरला उभं राहून प्यायचा दर वेगळा. ती बंड्याच्या गुडघ्यांच्या नावावर टाकली. शेवटची ओळ होती: 'कारंजे, दोन युरो, समाईक.' डॉक्टर उसळला. नाणं अण्णाने टाकलं, परत रोमला अण्णाच जाणार, आम्ही का भरायचं? अण्णाचं म्हणणं, पैसे चौघांचे, तर पुण्यही चौघांचं. बंड्याने तोडगा काढला, की प्रत्येकाच्या वाट्याला पाव-पाव रोम येतं, तर पुढच्या वेळी एकेक रात्र राहून यावं. वाद इगतपुरीपर्यंत चालला.

द्वारकेच्या सर्कलला जाम लागला होता. अण्णाने काच खाली केली, बाहेर बघितलं आणि म्हणाला, "काय गाव आहे राव, बघण्यासारखं काही नाही."

ग्रुपचं नाव सध्या 'रोमकर' आहे.